अर्ध्या किमतीतली इलेक्ट्रिक गाडी

मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात गाडीवर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. पण सध्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जेवताना हाच विषय निघतो, आणि घरातलं शिकलेलं पोर म्हणून कागद आपल्यापुढे सरकवले जातात. माझ्यापुढेही आले. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, एवढीच माझी लायकी. पण गेले दोन महिने मी या एकाच प्रश्नात डोकं घातलंय, आणि जे समजलं ते मराठीत एकत्र कुठे मिळालं नाही. म्हणून हा लेख.

प्रकरण असं. माझ्या धाकट्या मामांचं बेळगावात उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे. आजोळच्या जमिनीची वाटणी झाली, तिचे पैसे आले, आणि मामांच्या मनात आयुष्यभराची हौस जागी झाली. पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे ऑडी ई-ट्रॉन ५५ बघितली. सप्टेंबर २०२१ ची, १९ हजार किलोमीटर चाललेली. नवी होती तेव्हा शोरूमची किंमत १ कोटी १६ लाख. आता मागतात ४८ लाख. "निम्म्याहून कमी! आणि दहा वर्षं वापरणार, विकायची नाहीच," असं मामांचं म्हणणं. मामींचं म्हणणं एका वाक्याचं: "पैसे एकदाच आलेत."

दोघांचंही खरं आहे. गाडीचा नवेपणा कुणीतरी दुसऱ्यानं आधीच भरून दिलाय, हे मामांचं गणित बरोबर आहे. गडबड पुढे आहे. गाडीची किंमत निम्म्यावर आली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत निम्म्यावर येत नाही. हेडलाइट फुटला, तर तो एक कोटी सोळा लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो. ही गाडी भारतात जोडली जात नव्हती, तयार स्थितीत बाहेरून यायची; तिचे भागही बहुतेक बाहेरूनच येणार. २०२३ मध्ये कंपनीनं तिचं नाव बदलून क्यू-८ ई-ट्रॉन केलं, मोठी बॅटरी बसवली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रुसेल्सचा तो कारखानाच बंद झाला. भाग लगेच मिळेनासे होतात असं नाही, पण दहा वर्षांचा विचार करणाऱ्यानं ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी.

सगळे जण आधी बॅटरीबद्दल विचारतात, तर तिच्यापासून सुरुवात करू.

या गाडीच्या पोटात सुमारे ७०० किलोची बॅटरी आहे. ४३२ सेल, ३६ डब्यांत बसवलेले. या डब्यांना मॉड्यूल म्हणतात. एकूण क्षमता ९५ युनिट (वीजबिलावर जे युनिट असतं तेच, किलोवॅट-तास), त्यातली ८६.५ वापरायला मिळते. उरलेली कंपनी राखून ठेवते, म्हणजे सेल कधी काठोकाठ भरत नाहीत आणि तळाला जात नाहीत. बॅटरी जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं? सेलच्या आत ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक थर धरतो, तापलेल्या दुधावर साय धरते तसा. तो थर लिथियम अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम मग इकडून तिकडे जात नाही, तेवढी क्षमता गेली. हा थर सुरुवातीला भराभर वाढतो, नंतर सावकाश. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत क्षमता जरा जास्त उतरते आणि मग उतार मंदावतो.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज. इथे तसं सरळ नाही. बॅटरी चालून झिजते तशी नुसती उभी राहूनही झिजते. शंभर टक्के भरून कडक उन्हात महिनोन्‌महिने उभी ठेवलेली गाडी, रोज वीस ते ऐंशी टक्क्यांत वापरलेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते. मामांना १९ हजारांचा फार आनंद झाला होता. मी विचारलं, पाच वर्षांत १९ हजार, म्हणजे दिवसाला दहा किलोमीटर. मग बाकीचा वेळ ही कुठे उभी होती? किती भरून? विकणाऱ्याला याचं उत्तर देता आलं नाही. गाडी नक्की खराब आहे असं यावरून ठरत नाही, पण आकडा बघून भुलायचं कारण उरत नाही.

मी त्या व्यापाऱ्याकडे बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागितला. त्याला एसओएच म्हणतात. नवी असताना शंभर धरली तर आज किती उरली, तो आकडा. त्यांनी डॅशबोर्डचा फोटो पाठवला: "३५८ किमी रेंज." हा एसओएच नव्हे! डॅशबोर्डवरची रेंज म्हणजे गाडीनं केलेला अंदाज. मागचे काही दिवस हळू, सपाटीवर, एसी बंद ठेवून चालवली की तो आकडा फुगतो. खरा रिपोर्ट अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीला यंत्र जोडून निघतो, आणि त्यात सगळ्या मॉड्यूलमधला फरकही दिसतो. तो फरक महत्त्वाचा. ३५ मॉड्यूल धडधाकट आणि एक दुबळं असेल, तर सगळी बॅटरी त्या एकाच्या चालीनं चालते. सांगायला बरं वाटतं की एक मॉड्यूल बदलता येतं, सगळी बॅटरी काढावी लागत नाही. पण ते प्रत्येक गावातल्या प्रत्येक वर्कशॉपला जमत नाही.

रिपोर्ट मिळेपर्यंत ढोबळ ताळा आपल्यालाही करता येतो. गाडी साधारण २० टक्क्यांवर असताना फास्ट चार्जरला लावायची, ८० टक्क्यांवर काढायची. पावतीवर किती युनिट गेली ते येतं. समजा ५० आली. त्यातली पाचेक टक्के उष्णतेत आणि बॅटरी थंड ठेवण्यात गेली असं धरू, उरली ४७.५. ही ६० टक्क्यांसाठी लागली, तर शंभर टक्क्यांसाठी सुमारे ७९. मूळ ८६.५ होती, म्हणजे ९२ टक्क्यांच्या आसपास उरली. दोन-चार टक्के इकडे-तिकडे होतील, पण विकणारा ९८ सांगतोय आणि ताळा ८० दाखवतोय, असं असेल तर ते लगेच उघडं पडतं. खर्च एका चार्जिंगचा, वेळ तासाभराचा.

आता वॉरंटी. बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. ऑडी, मर्सिडीजची ईक्यूसी, बीएमडब्ल्यू, सगळ्यांचं साधारण हेच आहे. क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच कंपनी दुरुस्त करून देते. आठ वर्षं मोजायची ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हापासून, आपण घेतली तेव्हापासून नव्हे. मामांची गाडी सप्टेंबर २०२१ ची, म्हणजे सप्टेंबर २०२९ ला वॉरंटी संपली. आज २०२६. दहा वर्षं वापरायची म्हणजे २०३६ पर्यंत. त्यातली तीन वर्षं कंपनीच्या भरवशावर, सात आपल्या.

हे ऐकून मामा गप्प झाले. मग मीच पुढचा हिशेब केला, कारण घाबरवण्यात काही अर्थ नाही. समजा बॅटरी अगदी ७० टक्क्यांवर आली. ८६.५ चे ७० टक्के म्हणजे साठ युनिट. ही जड गाडी शंभर किलोमीटरला २५ युनिट खाते असं धरा, तरी २४० किलोमीटर जाईल. बेळगाव-कोल्हापूर जाऊन-येऊन २२० च्या आसपास. म्हणजे म्हातारी झालेली बॅटरीही आपल्या बहुतेक कामाला पुरते. हळूहळू झिजणं ही खरी भीती नव्हेच. भीती आहे ती एखादा भाग एकाएकी बंद पडण्याची, आणि तो भाग सहसा बॅटरीच्या वॉरंटीत बसत नाही.

कोणते भाग? आत बसवलेला चार्जर. मोठ्या बॅटरीची वीज उतरवून बाराच्या बॅटरीला देणारा कन्व्हर्टर. मोठ्ठे स्क्रीन. हवेवर चालणारं सस्पेन्शन, ज्याचे रबरी फुगे वयाप्रमाणे चिरतात आणि मग गाडी रात्रीतून एका कोपऱ्यावर बसते. टायर: अडीच टनाची गाडी आणि पायाखाली लगेच येणारी ताकद, त्यामुळे टायर लवकर उतरतात आणि ते साध्या मापाचे नसतात. ब्रेकचं मात्र उलटं. वेग कमी करताना मोटरच जनरेटर होते, त्यामुळे ब्रेक फार लागत नाहीत. पण न वापरल्यानं डिस्कवर गंज धरतो. समुद्राकाठी वापरलेली गाडी असेल तर चाकाच्या मागे वाकून बघाच. आणि पावसाळ्यात तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरून बुडालेली नाही ना, हे सीटखालच्या पट्ट्या, गालिच्याखालचा ओलसर वास, वायरींच्या जोडावरची हिरवट बुरशी यावरून कळतं.

एक छोटी गोष्ट: या गाडीत साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायला हीच लागते. खूप दिवस उभी राहिलेल्या गाडीत आधी हीच मरते. बदलायला मोठ्या भागांच्या मानानं किरकोळ, पण माहीत नसेल तर माणूस उगाच लाखोंच्या धास्तीत पडतो. आणि अशी गाडी बंद पडली तर चाकं जमिनीवर ठेवून टोचन करून ओढायची नाही. मोटर चाकांना जोडलेली असते. सपाट ट्रकवरच चढवायची. म्हणून हाय-व्होल्टेजचं काम करणारं अधिकृत वर्कशॉप आपल्या गावापासून किती लांब आहे, हे गाडी बघायला जाण्याआधी फोन करून विचारावं. नुसतं "सर्व्हिस सेंटर आहे का" असं नाही, "बॅटरी उघडता का" असं विचारायचं.

रोजच्या खर्चाबद्दल मामांचा हिशेब बरोबर होता. घरी युनिटला ८ रुपये धरले, शंभर किलोमीटरला २५ युनिट, म्हणजे किलोमीटरला २ रुपये. तेवढीच मोठी डिझेल गाडी लिटरला दहा किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये, असं धरलं तर ९ रुपये. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवली तर ८४ हजार वाचतात, दहा वर्षांत ८ लाख ४० हजार. छानच. पण रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस रुपये पडले, तर किलोमीटरला ५-६ रुपये होतात आणि बचत निम्मी होते. म्हणजे घरी चार्जिंग करता येत असेल तरच हा हिशेब. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर ही बॅटरी रिकामी असली तर भरायला दिवसाहून जास्त लागतो. भिंतीवरचा सात किलोवॅटचा चार्जर बसवला तर रात्रीत, बारा तासांत. त्यासाठी हेस्कॉमकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, अर्थिंग तपासावं लागतं. भाड्याच्या घरात किंवा सामायिक पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनी आधी हे मिटवावं, मग गाडीचा रंग बघावा.

आमच्या भागातल्यांसाठी घाटाचं एक गणित, कारण हे मी फक्त गंमत म्हणून केलं आणि मामांनाही तेच सर्वांत आवडलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर. माणसं धरून गाडी २,७०० किलो. चोर्ला घाटानं गोव्याला उतरताना एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येतं, त्यात साडेपाच युनिटची ऊर्जा आहे. डिझेलची गाडी ती ब्रेकमध्ये जाळते. ही त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत भरते. येताना मात्र तेवढी चढणीला वर मोजावी लागते. सरळ रस्त्यापेक्षा पाच-सहा युनिट जास्त, म्हणजे वीसेक किलोमीटरची रेंज. पणजीहून निघताना हे लक्षात ठेवलं की झालं.

आता सीमाभागाचा खास प्रश्न, आणि इथे बऱ्याच लोकांचा हिशेब चुकतो. पुण्यात नोंदलेली एमएच पासिंगची गाडी बेळगावात किती दिवस चालवणार? मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, आणि इथला आजीवन कर. कर्नाटकात इलेक्ट्रिक गाड्यांना २०१६ पासून करमाफी होती. २०२४ मध्ये कायदा बदलला आणि २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के आजीवन कर लागला. मामांना वाटलं ४८ लाखांचे १० टक्के. तसं नाही. हिशेब गाडीच्या मूळ किमतीवरून सुरू होतो आणि वयाप्रमाणे कमी होत जातो. नवी असती तर ११ लाख ६० हजार. वयाची सूट जाऊनही ही रक्कम लाखांतच राहते. एरवी गाडी राज्याबाहेर नेली की आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. पण महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना करमाफी होती. भरलाच नाही तर परत काय मागणार? नेमका आकडा आरटीओतून लेखी काढून घ्या, आणि तो व्यवहाराच्या आधी, नंतर नाही. एजंटच्या तोंडी आकड्यावर एवढी रक्कम सोडू नये.

जीएसटीचंही असंच. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या विक्रीवर १८ टक्के कर ठरवला. पण तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. व्यापाऱ्यानं ४४ लाखांना घेऊन ४८ ला विकली, तर चार लाखांवर कर, ७२ हजार. "१८ टक्के जीएसटी वेगळा" म्हणून कुणी ४८ लाखांवर साडेआठ लाख मागत असेल तर हिशेब लेखी मागा. दोन साध्या माणसांच्या आपसातल्या व्यवहारात हा कर नाहीच.

बाकीची कागदपत्रं कुठल्याही जुन्या गाडीची तीच: बँकेचा बोजा उतरला का, चलन थकलंय का, अपघाताचे क्लेम झालेत का, सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झाल्याची नोंद आहे का. शेवटची नोंद इथे जास्त जपायची, कारण ती नसेल तर उरलेल्या बॅटरी वॉरंटीला कंपनी हरकत घेऊ शकते. शिवाय एक नवी भानगड: गाडी आधीच्या मालकाच्या फोनमधल्या ॲपला जोडलेली असते. त्यानं आपलं खातं काढून टाकलं नाही, तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील. दोन्ही किल्ल्या आणि चार्जिंगची केबलही हातात घ्या. विम्यात पाच वर्षांनंतर गाडीची किंमत ठरलेल्या कोष्टकातून निघत नाही, विमा कंपनी आणि आपण मिळून ठरवतो. ती फार कमी लावून हप्ता स्वस्त करून घेणं अशा गाडीत महागात पडतं.

हे सगळं मांडल्यावर मी मामांना माझं मत सांगितलं, ते इथेही सांगते. ४८ लाखांच्या गाडीला ४८ लाख लागत नाहीत. गाडी, कर, घरचा चार्जर, विमा, आणि त्याखेरीज दुरुस्तीसाठी वेगळे ठेवलेले किमान आठ-दहा लाख, जे वॉरंटी संपल्यावर कधी लागतील सांगता येत नाही आणि कदाचित लागणारही नाहीत. हे पैसे बाजूला काढून उरलेल्यात जी गाडी बसते ती आपली गाडी. ते जमत नसेल तर त्याच पैशांत निम्म्या दिमाखाची नवी इलेक्ट्रिक गाडी, पूर्ण वॉरंटीसह येते, आणि दहा वर्षं वापरणाऱ्याला माझ्या मते तीच बरी. मामांना हे पटलं नाही. त्यांना ती शांतता हवी आहे, दार लावल्यावर बाहेरचा आवाज थांबतो ती, आणि त्याची किंमत मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू?

तडजोड अशी झाली. मामींनी दहा लाख ठेवीत टाकले, दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत असे. मामांनी व्यापाऱ्याला ३९ लाख सांगितले, अट दोन कागदांची: अधिकृत वर्कशॉपचा एसओएच रिपोर्ट मॉड्यूलवारीसह, आणि सगळ्या सर्व्हिसच्या नोंदी. तपासणीचा खर्च आम्ही देऊ म्हटलंय. आठ दिवस झाले, व्यापाऱ्याचा फोन नाही. दरम्यान मामांनी हेस्कॉममध्ये भार वाढवण्याचा अर्ज देऊन टाकलाय, कारण गाडी ही असो वा दुसरी, तो लागणारच आहे.